हात स्वच्छ ठेवण्याचा हक्क

दोन्ही महायुद्धांच्या काळात अमेरिकेत एक प्रश्न हजारो तरुणांना विचारला गेला. तुझ्या डोळ्यांदेखत कुणी तुझ्या आईवर किंवा बहिणीवर हात टाकला, तर तू काय करशील? विचारणारा कधी लष्करी अधिकारी असे, कधी गावच्या भरती मंडळाचा सभासद. ज्याला विचारला जाई तो पुष्कळदा शेतकऱ्याचा विशीतला पोरगा असे. शिक्षण बेताचे, घरची बोली जर्मन, अंगावर साधे कपडे. त्याने एवढेच सांगितलेले असे, की मी माणूस मारण्यासाठी बंदूक हातात घेणार नाही. या पोरांमध्ये मोठा भरणा मेनोनाइट पंथाच्या मुलांचा होता.

प्रश्न मोठा चतुर आहे. 'मी प्रतिकार करीन' म्हणावे, तर विचारणारा म्हणणार, मग देशाच्या आईबहिणींसाठी का लढत नाहीस? 'करणार नाही' म्हणावे, तर भेकड आणि निर्लज्ज ठरावे. पोरगा गोंधळून जाई, किंवा 'तो प्रसंग आला तर अल्लाह मला बुद्धी देईल' अशा अर्थाचे काहीतरी आपल्या भाषेत पुटपुटे. पण हा प्रश्न निव्वळ पेचात पकडण्यासाठी होता असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. विचारणाऱ्याचाही मुलगा त्याच वेळी फ्रान्सच्या खंदकात असू शकत होता. त्याच्या पोटात जे तुटत होते ते खोटे नव्हते. म्हणून या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

युद्धाला असा नकार देणाऱ्याला इंग्रजीत कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर म्हणतात. मराठीत सदसद्विवेकबुद्धी हा भलामोठा शब्द आपण वापरतो. आपल्या घरांत त्यासाठी एक लहानसा शब्द आहे, जमीर. जमीर विकला, जमीर मेला, असे आपण सहज बोलतो. पण जमीर नेमका कुणाचा असतो? एकट्या माणसाचा, की त्याच्या जमातीचा? आणि त्याची किंमत कुणी मोजायची? मेनोनाइटांचा इतिहास या दोन्ही प्रश्नांना येऊन भिडतो.

या पंथाचे मूळ १५२५ सालच्या झुरिकमध्ये आहे. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, माणसाने जाणतेपणी श्रद्धा स्वीकारली पाहिजे, असे म्हणणारा एक लहानसा गट तिथे उभा राहिला. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळी राज्याचा नागरिक आणि चर्चचा सभासद या एकच गोष्टी होत्या. श्रद्धा ज्याची त्याने निवडावी म्हणणे म्हणजे राजाच्या पायाखालची सतरंजी ओढण्यासारखे होते. या मंडळींना पाण्यात बुडवून मारले, जाळले, देशोधडीला लावले. पुढे मेनो सायमन्स हा डच पाद्री १५३६ मध्ये आपले चर्च सोडून त्यांना मिळाला आणि त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडले.

या आरंभीच्या काळातला एक खटला आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. मायकेल सॅटलर हा त्यांचा एक पुढारी. तलवार ख्रिस्ती माणसाच्या हातात शोभत नाही, असे सांगणारा १५२७ सालचा जाहीरनामा प्रामुख्याने त्याच्या हातचा मानला जातो. त्याच साली जर्मनीतल्या रोटेनबुर्ग गावी त्याच्यावर खटला भरला. आरोपांत एक आरोप असा होता, की तुर्क चालून आले तरी त्यांना हत्याराने अडवू नये, असे हा म्हणतो. त्या काळच्या युरोपात तुर्क म्हणजे मुसलमान, आणि मुसलमान म्हणजे शत्रू. ऑस्मानी फौजा तेव्हा हंगेरीत पोचल्या होत्या. सॅटलरने आरोप नाकारला नाही. उलट तो म्हणाला, की युद्ध करणे योग्य असतेच, तर तुर्कांपेक्षा तुमच्यासारख्या छळ करणाऱ्या, नावाच्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध मी मैदानात उतरलो असतो. तुर्क निदान आहे तसा दिसतो, तुम्ही मात्र आतून तुर्क आहात, असाही त्याचा रोख होता. यात आपली स्तुती शोधण्यात अर्थ नाही. तुर्काविषयी त्याच्या मनातही अढी होतीच. पण ज्याला सगळे शत्रू म्हणतात त्याच्यावरही शस्त्र उचलणार नाही, हे त्याने मरणाच्या दारात सांगितले. त्याला हालहाल करून जाळण्यात आले. पाठोपाठ त्याच्या बायकोला बुडवून मारले.

दुसरी गोष्ट डर्क विलेम्सची. १५६९ साली हॉलंडमधल्या आस्परेन गावी हा कैदेतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला आणि त्याने शिपायाला बाहेर ओढले. मग त्यालाच पुन्हा पकडले गेले आणि जाळले गेले. अशा शेकडो हकिगती १६६० साली एका डच ग्रंथात एकत्र झाल्या आणि तो ग्रंथ मेनोनाइट घरांत बायबलशेजारी ठेवला जाऊ लागला. करबलाच्या हकिगती आपल्याकडे मुलांनी ज्या वयात ऐकलेल्या असतात, त्या वयात त्यांची मुले डर्कची गोष्ट ऐकत. तेव्हा १९१८ साली भरती मंडळापुढे उभा राहिलेला तो अडाणी दिसणारा पोरगा एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी चारशे वर्षे उभी होती.

पण या चारशे वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. छळाला कंटाळून ही माणसे जिथे सवलत मिळेल तिथे गेली. रशियाच्या कॅथरीन राणीने लष्करातून कायमची सूट दिली म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती युक्रेनमध्ये वसली. उत्तम शेती केली, श्रीमंत झाली. १८७४ साली झारने सक्तीची भरती सर्वांना लागू केली, तेव्हा सुमारे १८ हजार लोक जमिनी विकून अमेरिका आणि कॅनडाला निघून गेले. राहिले त्यांच्यासाठी सैन्याऐवजी जंगलखात्यात काम करण्याची तोड निघाली. पहिल्या महायुद्धात रशियातल्या सुमारे १२ हजार मेनोनाइटांनी जंगलांत किंवा रुग्णवाहक गाड्यांवर सेवा केली. म्हणजे जमीर आणि सरकार यांच्यात एक करार झालेला होता. आणि करारात राहायची सवय लागली की जमिराला धार राहत नाही, ही भीती त्यांच्यातल्याच जाणत्यांना वाटत होती.

अमेरिकेत धार लागण्याची वेळ १९१७ साली आली. मे महिन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. शांतिवादी चर्चच्या सभासदांना प्रत्यक्ष लढाईतून सूट होती, पण लष्करी छावणीत हजर व्हावे आणि सैन्यातलेच बिनलढाऊ काम करावे अशी अट होती. मेनोनाइट पोरांपुढे पेच पडला. गणवेश घालून जखमींना पट्ट्या बांधणे हे युद्ध आहे की दया? काहींनी ते काम पत्करले. काहींना वाटले, की बरा झालेला सैनिक पुन्हा खंदकात जाणार, तेव्हा सैन्याचा पट्टी बांधणाराही सैन्याचाच. सुमारे २८ लाख तरुण भरती झाले. त्यांत नकारकर्ते म्हणून मान्यता मिळालेले सुमारे २१ हजार, आणि छावणीत गेल्यावरही शेवटपर्यंत अडून राहिलेले जेमतेम ४ हजार. त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त.

छावण्यांत काय झाले ते वाचताना मान खाली जाते. थंड पाण्याखाली उभे करणे, खरखरीत झाडूने अंग सोलून काढणे, मारहाण, छातीवर संगीन रोखणे. पाचशेच्या आसपास नकारकर्त्यांवर कोर्ट मार्शल झाले. सतरा जणांना मृत्युदंड आणि १४२ जणांना जन्मठेप सुनावली गेली. फाशी कुणाला झाली नाही. युद्ध संपल्यावर शिक्षा कमी होत गेल्या आणि दोनेक वर्षांत सगळे सुटले. सगळे म्हणजे जे जिवंत होते ते.

न सुटलेल्यांत दोन भाऊ होते, जोसेफ आणि मायकेल होफर. ते मेनोनाइट नव्हेत, हटराइट होते. त्याच मुळाची, एकत्र मालमत्तेने राहणारी ही दुसरी शाखा. साउथ डकोटातल्या त्यांच्या वसाहतीतून तीन भाऊ आणि त्यांचा एक मेहुणा अशा चौघांना १९१८ च्या मे महिन्यात छावणीत नेले. त्यांनी गणवेश घातला नाही, कागदावर सही केली नाही. वीस वर्षांची शिक्षा झाली. अल्काट्राझच्या तुरुंगात त्यांना अंधाऱ्या, ओल्या कोठडीत ठेवले. शेजारी गणवेश ठेवून दिलेला. थंडी वाजत असेल तर घाला. ते आतल्या कपड्यांवर ओल्या जमिनीवर झोपले, गणवेशाला हात लावला नाही. हात गजांना साखळीने बांधून उभे ठेवण्याची शिक्षाही झाली. नोव्हेंबरात, म्हणजे युद्ध थांबल्यानंतर, त्यांना कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला हलवले. तिथे जोसेफ २९ नोव्हेंबरला आणि मायकेल २ डिसेंबरला वारला. जोसेफची बायको मारिया नवऱ्याचे तोंड पाहायला गेली, तेव्हा पेटीतल्या प्रेताच्या अंगावर लष्करी गणवेश चढवलेला होता.

या एका कृतीचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मेलेल्या माणसाला गणवेश घालून सरकारला काय मिळाले? युद्ध तर जिंकून झाले होते. तरी कुणाला तरी हे करावेसे वाटले. आपल्याकडे मय्यताच्या कफनाला किती जपतात! शत्रूच्या मय्यतालाही आपण त्याच्या रीतीचे कफन नाकारू नये, एवढे तरी सगळे मानतात. माझी समजूत अशी झाली आहे, की सत्तेला नकार देणाऱ्याचे शरीर पुरत नाही, तिला त्याचा होकार हवा असतो. जिवंतपणी तो मिळाला नाही, तर मेल्यावर त्याची नक्कल तरी हवी असते. त्याच डिसेंबरात कैद्यांना असे साखळीने बांधण्याची शिक्षा युद्धखात्याने बंद केली. दोघांच्या मरणाने एवढे साधले.

छावणीबाहेरही सुख नव्हते. मेनोनाइट जर्मन बोलत, म्हणजे शत्रूची भाषा बोलत. युद्धकर्जाचे रोखे घेत नसत. त्यांच्या चर्चना पिवळा रंग फासला गेला. पिवळा हा तिथे भेकडपणाचा रंग. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपल्याच्या आनंदात, कॅन्ससमधल्या बर्टन गावच्या जमावाने जॉन श्रॅग या मेनोनाइट शेतकऱ्याला शेतावरून ओढून आणले आणि हातात झेंडा देऊन मिरवणुकीत चाल म्हणाले. त्याने नकार दिला. त्याच्या अंगाला पिवळा रंग फासला आणि फाशी देण्याची तयारी चालली. गावातल्या एकाने मध्ये पडून त्याला कोठडीत टाकले म्हणून तो वाचला. पुढे झेंड्याच्या अपमानाबद्दल खटला त्याच्यावरच झाला आणि तो निर्दोष सुटला. देशभक्ती सिद्ध करून दाखव, आत्ता, इथे, आम्ही सांगू त्या पद्धतीने, असे जमाव म्हणतो तेव्हा काय वाटते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पण हेही ध्यानात घेऊ, की श्रॅगने झेंड्याचा तिरस्कार केला नव्हता. जुलमाने दाखवायचे प्रेम त्याने नाकारले होते.

इथवर नकारकर्त्यांची बाजू घेणे सोपे आहे. आता अवघड भागाकडे वळू.

युक्रेनमध्ये क्रांतीनंतर राज्यच उरले नाही. १९१८–१९ मध्ये मखनोच्या टोळ्या आणि इतर सशस्त्र जथे मेनोनाइट गावांवर तुटून पडले. खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. आयखेनफेल्ड या एका वस्तीत ऑक्टोबर १९१९ मध्ये सुमारे ८० माणसे मारली गेली. भरती मंडळाचा तो काल्पनिक प्रश्न तिथे खरोखरच दारात येऊन उभा राहिला. आणि त्याचे उत्तर एक निघाले नाही. अनेक तरुणांनी आत्मरक्षक दले काढली आणि बंदुका हाती घेतल्या. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. त्या दलांमुळे काही गावे काही काळ वाचली. पण ती श्वेत सैन्याच्या बाजूची समजली गेली आणि सूडाला आणखी निमित्त मिळाले. पुढे त्यांच्यातल्याच अनेकांनी हे सारे तत्त्वाशी प्रतारणा आणि व्यवहारातही चूक असे मानले. काहींनी मात्र शेवटपर्यंत तसे मानले नाही.

त्याहून वाईट हकिगत जर्मनीतली आहे. तिथल्या मेनोनाइटांनी शस्त्रत्यागाचे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासूनच सैल करत आणले होते. हिटलरच्या काळात त्यांच्या पुढाऱ्यांनी ते उघड सोडून दिले आणि त्यांची मुले हिटलरच्या फौजेत लढली. व्हिस्चुला नदीच्या मुखाशी, जिथे मेनोनाइट शेते पिढ्यानपिढ्या होती, त्या मुलखात श्टुटहोफची छळछावणी उभी राहिली. काही मेनोनाइट प्रत्यक्ष ज्यूंच्या कत्तलीतही सामील झाले, हे अलीकडच्या संशोधनाने पुढे आणले आहे. डर्क विलेम्सची गोष्ट त्यांनीही लहानपणी ऐकलीच असेल. वारशाने मिळालेला जमीर आपोआप चालत नाही, याहून मोठा पुरावा काय हवा?

अमेरिकेतले आकडेही बोलके आहेत. दुसऱ्या महायुद्धात भरतीचा हुकूम आलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी सुमारे ४० टक्के सरळ सैन्यात गेले. सुमारे १४ टक्क्यांनी सैन्यातले बिनलढाऊ काम पत्करले. पूर्ण नकार देऊन पर्यायी सेवेत गेले ते सुमारे ४६ टक्के. चारशे वर्षांची शिकवण आणि निम्म्याहून कमी. हे आकडे मेनोनाइटांनी स्वतःच मोजले आणि स्वतःच छापले, याचे मला अप्रूप वाटते. आपण आपल्या समाजाविषयी असे हिशेब मांडतो का? बहुतेकदा आपण एकतर गौरव करतो, नाहीतर दुसऱ्यांनी केलेल्या आरोपांना उत्तरे देतो. मोजदाद राहूनच जाते.

आता मूळ आक्षेप. युरोपात ज्यूंना गॅसकोठडीत घातले जात होते, तेव्हा बंदूक न उचलणारा माणूस कुणाच्या संरक्षणाखाली शेत नांगरत होता? दुसऱ्यांनी हात रक्ताने माखले म्हणून याचे हात स्वच्छ राहिले. राइनहोल्ड नीबूर या अमेरिकन विचारवंताने १९४० साली शांतिवादावर कडक टीका केली तिचा गाभा हाच होता. मात्र त्याने एक फरक केला होता. अहिंसेने हिटलर वठणीवर येईल असे सांगणाऱ्यांना तो भोळसट समजे. मेनोनाइट तसे सांगत नाहीत, राज्य कसे चालवावे हा त्यांचा दावाच नाही, ते फक्त दुसऱ्या एका जगण्याची साक्ष देतात, आणि अशी साक्ष समाजात असणे उपयोगाचे आहे, असे तो मानी. पण साक्ष देणारा इतरांच्या पापावर जगतो, हेही तो बजावी.

मला हा आक्षेप खोडता येत नाही. मी स्वतः शांतिवादी नाही. जुलूम थोपवण्यासाठी, मर्यादा पाळून, लढावे लागते असे मानणाऱ्या परंपरेत मी वाढलो आहे, आणि हिटलरविरुद्धची लढाई मला त्या प्रकारची वाटते. तरीही नकारकर्त्याला परोपजीवी म्हणून सोडून देता येत नाही. का, ते त्याने पुढे काय केले यावरून कळते.

पहिल्या युद्धाच्या अनुभवाने शहाणे होऊन मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरेन या तीन चर्चनी १९४० च्या कायद्यात लष्कराबाहेरच्या पर्यायी सेवेची तरतूद मिळवली. सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस असे तिचे नाव. मे १९४१ मध्ये पहिली छावणी उघडली. सुमारे १२ हजार तरुण तिच्यात आले, पैकी साडेचार हजारांवर मेनोनाइट. त्यांना पगार नव्हता. सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारा भत्ता नव्हता. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्चही चर्चने करायचा. मेनोनाइट शेतकऱ्यांनी त्यासाठी ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. म्हणजे सरकारचे काम करायचे आणि त्याचे पैसे आपणच भरायचे. नकाराची किंमत अशी रोखीने मोजली गेली.

या पोरांनी बांध घातले, झाडे लावली, पेटलेल्या जंगलांत पॅराशूटने उड्या घेतल्या. मिनेसोटात सर्व पंथांच्या ३६ नकारकर्त्यांनी १९४४–४५ मध्ये सहा महिने अर्धपोटी राहून आपले वजन एक चतुर्थांश उतरवून घेतले. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे डॉक्टरांना कळावे म्हणून. पण सर्वांत मोठे काम वेड्यांच्या इस्पितळांत झाले. नोकर लढाईला गेल्याने ती ओस पडली होती. सुमारे तीन हजार नकारकर्ते तिथे गेले. एकेका माणसाच्या अंगावर कित्येकदा शंभरावर रोगी. आतले दृश्य भयंकर होते. नागडी माणसे, मलमूत्र, आणि रोग्यांना झोडपणारे जुने पहारेकरी. हाताला हत्यार न लावता हिंसक रोग्याला आवरायचे कसे, हा प्रश्न आता रोज सकाळी समोर होता. बहिणीवर हल्ला झाला तर काय करशील, या प्रश्नाचे प्रात्यक्षिकच ते. त्यांनी मारायचे नाही असे ठरवले, आणि बहुतेकदा त्यावाचून भागते हे त्यांना आढळले. आतली स्थिती त्यांनी लिहून ठेवली. एका क्वेकर तरुणाने काढलेली छायाचित्रे १९४६ साली लाइफ मासिकात आली आणि देश हादरला. युद्धानंतर मेनोनाइटांनी स्वतःची मनोरुग्णालये काढली.

म्हणजे हात स्वच्छ ठेवण्याचा हक्क मागणाऱ्याने हात घाणीत घातले. आक्षेपाचे उत्तर म्हणून मला हेच पुरते वाटते, जरी ते पूर्ण नसले तरी. जो नकार देऊन घरी बसतो आणि जो नकार देऊन सर्वांत नकोशा कामाला जातो, त्यांच्यात फरक केला पाहिजे. युक्रेनच्या दुष्काळात आपल्या लोकांना अन्न पोचवण्यासाठी १९२० साली निघालेली त्यांची मदत समिती शेजारच्या बिगर मेनोनाइटांनाही वाढू लागली. १९४२ पासून ती बंगालच्या आपत्तीत कलकत्त्यात होती. त्याही आधी, १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी हिंदुस्थानला धान्य पाठवले आणि १८९९ मध्ये धमतरीला त्यांचे मिशन सुरू झाले. धमतरी तेव्हा नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतात होती. आपल्या विदर्भाचे हे जुने शेजारी आहेत.

एक अखेरचा मुद्दा. १९१७ चा कायदा माणसाचा जमीर ओळखत नव्हता, चर्चचे सभासदत्व ओळखत होता. १९४० मध्ये चर्चची अट गेली, धार्मिक शिकवण आणि श्रद्धा पुरेशी ठरली. या वाटेने पुढे एक मुसलमान चालत आला. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे महंमद अलीने व्हिएतनाम युद्धाच्या भरतीला नकार दिला. मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद गेले, पाच वर्षांची शिक्षा आणि १० हजार डॉलर दंड झाला. तो अपिलावर बाहेर राहिला, पण उमेदीची तीनहून अधिक वर्षे गेली. २८ जून १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सरकारचे म्हणणे होते, की याचा सर्व युद्धांना विरोध नाही, धर्मयुद्धाला तो तयार आहे. याच न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये ठरवले होते, की एखाद्याच युद्धाला विरोध असेल तर सूट नाही. अलीची सुटका झाली ती अपील मंडळाने नकाराचे कारण स्पष्ट न दिल्यामुळे, या तांत्रिक मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. सगळी युद्धे वाईट म्हणणाऱ्याला कायदा जागा देतो, हे युद्ध अन्यायाचे आहे म्हणणाऱ्याला देत नाही. मला तर वाटते, की दुसऱ्याचे नैतिक श्रम जास्त आहेत. त्याला दर वेळी डोके चालवावे लागते, बाजू तपासावी लागते, आणि चुकण्याचा धोका पत्करावा लागतो.

सरकारांना या दुसऱ्याचीच भीती वाटते, आणि ती परक्या सरकारांनाच वाटते असे नाही. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात चंद्रसिंह गढवाली आणि त्याच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. हिंदू शिपाई, समोर मुसलमान जमाव, आणि बंदुका खाली. चंद्रसिंहाला जन्मठेप झाली. पण पुढे गांधीजींनी एका फ्रेंच पत्रकाराला सांगितले, की शिपायाने हुकूम मोडण्याचे समर्थन मी करणार नाही, कारण उद्या माझ्या हाती राज्य आले तर हेच शिपाई माझाही हुकूम मोडतील. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता इथे अडखळला. त्यावरून प्रश्न किती खोल आहे ते समजावे. मला मात्र या बाबतीत चंद्रसिंह जवळचा वाटतो. आज्ञा कुणाचीही असो, निःशस्त्र माणसावर गोळी झाडण्याआधी क्षणभर थांबणारा शिपाई राज्याला धोका नसतो, आधार असतो.

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. भरती मंडळापुढे उभे राहून जमिराचा दाखला देण्याची पाळी आपल्या मुलांवर येत नाही. पण भरती फक्त सरकारच करते असे कुठे आहे? १९९२–९३ च्या मुंबईत गल्लोगल्ली भरती चालली होती. आपल्या माणसांनी हाक मारली, चल, आपल्यातले मारले गेलेत. त्या हाकेला न गेलेली माणसे दोन्हीकडे होती. कुणी दार लावून घेतले, कुणी शेजाऱ्याला माळ्यावर लपवले. त्यांना कुणी कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर म्हटले नाही. त्यांच्या नोंदी नाहीत, आकडेवारी नाही. त्यांच्याच जमातीने त्यांना नंतर टोमणे मारले असतील. बहिणीवर हल्ला झाला तर काय करशील, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला असणार, आणि तोही अगदी खऱ्या अर्थाने.

त्या प्रश्नाचे सगळ्यांना पटणारे उत्तर माझ्यापाशी नाही. मेनोनाइटांपाशीही नव्हते, हे आपण पाहिले. पण जमावाकडून तो विचारला जातो तेव्हा एक उलटा प्रश्न विचारता येतो. तुम्ही मला ज्याच्याकडे घेऊन निघाला आहात, त्याने माझ्या बहिणीवर हात टाकला आहे काय? एवढे विचारायला थांबलेल्या माणसाचे पाय सहसा पुढे जात नाहीत.